खोड आधी, भाव मागून

ज्या भगवंताने बैलाला शिंगे दिली, त्यानेच दलालाला जीभ दिली. आणि दोन्ही वस्तू आवरून धरल्या नाहीत तर समोरच्याच्या पोटात शिरतात, एवढे शहाणपण घाटंजीच्या घनश्याम दलालांना गुरांच्या बाजारातल्या तीस वर्षांनी शिकवले होते. निशिगंधा ही त्यांची एकुलती लेक, आणि कथा तिची आहे. बापाने उभ्या आयुष्यात बैल विकून दिले. लेक वेबसाइट विकणाऱ्या-घेणाऱ्यांचा बाजार भरवते. बापाच्या बाजारात धूळ उडे. लेकीच्या बाजारात धूळ नाही, शेण नाही, हंबरणे नाही. माणसाची लबाडी मात्र दोन्हीकडे तीच, आणि माणसाचा भाबडेपणाही तोच. तो पांडुरंग दोन्ही बाजारांत एकाच विटेवर उभा राहून गालातल्या गालात हसत असला पाहिजे.

बसस्थानकासमोर निशिगंधेचे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान आहे. नवरा एस.टी.त वाहक, तो माणसे गावोगाव पोहोचवतो, ही जागची न हलता माणसांचे कागद मुंबई-दिल्लीला पोहोचवते. वय छत्तीस, हात चपळ, हसू त्याहून चपळ. अर्ज भरता भरता तिला एक नवा धंदा दिसला. वेबसाइट म्हणजे तरी काय? इंटरनेटवर मांडलेले दुकान. कोणी पाककृती मांडतो, कोणी लोणची. लोक येतात, पाहतात, काही मागवतात, आणि मांडणाऱ्याला चार पैसे सुटतात. पुढे मांडणारा कंटाळला की चालते दुकान दुसऱ्याला विकून मोकळा होतो. हिला वाटले, आपणही एक घ्यावे. घेतले. कुंडीतल्या बागेविषयीची वेबसाइट होती. विकणाऱ्याने शपथेवर सांगितले, रोज दोन हजार माणसे येतात. निशिगंधेने घेतली त्या दिवसापासून तिथे कावळाही फिरकला नाही. ते दोन हजार पाहुणे माणसे नव्हतीच. यंत्राकडून मोजलेल्या नुसत्या सावल्या होत्या.

सकाळच्या चहाला तिने बापाला हे सांगितले.

"चालवून पाह्यली का?" घनश्यामांनी विचारले.

"बाबा, वेबसाइट आहे ते. बैल नाही."

"मंग दात तरी पाह्यले असतीन."

"तिले दात नसतात."

"दात नाहीत, पाय नाहीत, अन् तू न चालवता घेऊन आली! अवं, आंधळा बैलही कोणी असा घेत नाही. इकणाऱ्यानं खोड सांगितली होती का?"

"गुण सांगितले."

"गुण तं आपल्या म्हशीचेही सांगता येतात." घनश्यामांनी बशीतला चहा संपवला. "गुण सांगाले जीभ लागते बाई, खोड सांगाले छाती लागते. इतकी शिकली, अन् एवढं नाही शिकली."

घनश्यामांच्या हातून होणाऱ्या व्यवहारात एक रीत होती, आणि ती त्यांनी कधी मोडू दिली नाही. भाव निघण्यापूर्वी विकणाऱ्याने जनावराच्या पाठीवर हात ठेवायचा आणि चार माणसांच्या देखत त्याची खोड बोलायची. "उजव्या अंगानं मारते." "पाणी पाह्यलं की बसते." "पोळ्याच्या ढोलाले बुजते." खोड बोलून झाली की मग रुमाल यायचा, रुमालाखाली दोघांची बोटे एकमेकांशी बोलायची आणि तिथे गुपचूप भाव ठरायचा. खोड उघड्यावर, भाव झाकून. ज्याने खोड लपवली आणि पुढे ती उघडी पडली, त्याने पुढचे तीन बाजार कडुनिंबाच्या बुडाशी खाली बसायचे. कोणाच्या दोरीला हात लावायचा नाही. लोक त्याला चहा मात्र आवर्जून पाजत. त्या चहाची लाज शिक्षेहून मोठी असे.

निशिगंधा आपला सकाळचा चहा पिऊन उठली आणि दुकानात जाऊन तिने फोनवर एक समूह उघडला. नाव ठेवले, 'खोड आधी'. नियम बापाचेच. वेबसाइट विकायची असेल तर आधी तिची खोड सर्वांसमोर लिहा. भाव नंतर, दोघांतच ठरवा. लपवाल तर तीन महिने खाली बसा, म्हणजे या समूहात खरेदी नाही, विक्री नाही, सल्ला नाही.

नियम सुंदर होते. माणसे सातच आली. आणि ती सातही गप्प! बाजारात पहिला भाव कोणी विचारायचा, यावर जशी अर्धी सकाळ सरते, तसा अर्धा महिना सरला.

"एक खोटा गिऱ्हाईक उभा कर," घनश्याम म्हणाले. "एकजण हाका मारत हिंडला की बाजार गरम होते. मी त्या पुसदच्या गॅरेजवाल्या वाहिदच्या अब्बाले उभा करत होतो. तो बिचारा तीस वर्षं बैल पाहत हिंडला, एकही घेतला नाही."

"बाबा! अन् खोड आधी?"

घनश्यामांनी मिशीवरून हात फिरवला. "ते जनावराची. दलालाची कोणी पुसत नाही."

हीच ती फट. पापाला दरवाजा लागत नाही, फट पुरते. आणि त्या फटीतून, ऐका, कोण आत आले! वय सदुसष्ट, गाव ढाणकी, फोटोच्या जागी झेंडूचे फूल, नाव बिजलीबाई. ढाणकी अशासाठी की घाटंजीपासून ती पुरेशी लांब. कोण कशाला पाहायला जाते? निशिगंधेने तिला बापाची जीभ दिली, शेजारणीचा ठसका दिला, आणि स्वतःच्या मनातले, जे सुशिक्षित स्त्रीने चारचौघांत बोलू नये असे तिला शिकवले होते, ते सगळे तिच्या तोंडी दिले.

एकाने आपल्या वेबसाइटचे गुण गायले. बिजलीबाई वदली: "बाप्पा, तुह्या साईटवर इतक्या जाहिराती लटकल्या की नवरदेवाचं तोंडच दिसत नाही. आधी मुंडावळ्या बाजूले सार, मंग लग्न पाहू." दुसऱ्याला म्हणाली: "हे पान उघडेस्तोवर माही डाळ शिजली, करपली, अन् आता घासून राह्यली मी डाळीचा गंज. खोडीत हे लिव्ह."

माणसे हसली. हसली म्हणून बोलली. बोलली म्हणून आली. सातांचे सत्तर झाले, दोन वर्षांत चार हजार झाले. लोक खोडी लिहू लागले आणि त्यात एक न्यारीच गोडी आली. "साईट चांगली आहे, पण गिऱ्हाईक दिवाळीपुरतंच येते." "फोटो माझी बायको काढत होती. आता ती बोलत नाही." अशा साईटसुद्धा विकल्या जात, कारण ज्याने एवढे सांगितले, त्याने आणखी काय लपवले असणार? विश्वास बसला, आणि त्या विश्वासाच्या माथ्यावर बसली बिजलीबाई. तिने "घ्या" म्हटले की लोक घेत, "राहू द्या" म्हटले की सोडून देत. निशिगंधा रोज सायंकाळी दुकानाचे शटर ओढण्याआधी अर्धा तास बिजलीबाई होई, आणि खरे सांगायचे तर दिवसातला तोच अर्धा तास तिला सर्वांत खरा वाटे.

आणि मग भक्तांनी देवाचे दर्शन मागितले.

समूहाचा पहिला मेळावा घाटंजीत भरवायचे ठरले. पुसदचा वाहिद, मोटारींचे गॅरेज चालवणारा आणि जुन्या सुट्या भागांची वेबसाइट घेऊन नावारूपाला आलेला, पुढाकार घेऊन म्हणाला, त्या दिवशी बिजलीबाईंना साडीचोळी देऊन त्यांचा सत्कार करू. चार हजारांनी हात जोडले, फुले उधळली. निशिगंधेच्या हातातला फोन गरम झाला. 

तिने बिजलीबाईला आजारी पाडले. "गुडघे धरले बाप्पा, येणं जमत नाही." झाले! तासाभरात सतरा तेले, नऊ लेप आणि एक ताईत सुचवला गेला. वाहिद तर गाडी काढून थेट ढाणकीलाच गेला. दुपारी त्याने समूहावर लिहिले: "ढाणकीत तीन बिजलीबाई भेटल्या. तिघींनी चहा पाजला. दोघी म्हणाल्या, आम्ही नाही. तिसरी म्हणाली, मीच आहे, पण आधी साडी दाखवा."

"मारून टाक तिले," घनश्याम म्हणाले.

"बाबा!"

"काहून? सदुसष्ट वर्षं जगली. देवानं भरपूर दिलं."

निशिगंधेने खरोखरच दोन ओळी लिहिल्या. लिहिता लिहिता तिच्या डोळ्यांत पाणी आले. शिवाय वाहिदचा स्वभाव तिला ठाऊक होता. तो तेरवीचा स्वयंपाक घेऊन ढाणकीत उतरला असता, आणि जेवायला त्या तिघीही आल्या असत्या. तिने ओळी पुसल्या.

उरली लीलाबाई. लीलाबाई शेजारची, बांगड्यांचे दुकान चालवणारी. बिजलीबाईच्या बोलण्यातला ठसका मूळचा तिचा. तिला सगळे सांगितले, तेव्हा तिने एकच प्रश्न केला. "साडी कोणत्या रंगाची?"

"मावशी, फक्त बसायचं. हासायचं. कोणी साईटचं पुसलं तं म्हणायचं, मोबाईलवर सांगतो."

"बसतो न माय. तीस वर्षं बसूनच राह्यली."

मेळाव्याचा दिवस उजाडला. मंगल कार्यालयात दीडशे माणसे जमली. पुसदची, दारव्ह्याची, अमरावतीची, एक बिचारा थेट कोल्हापूरचा. मंचावर लीलाबाई, डोईवर पदर, हातभर हिरव्या बांगड्या. लोक येत, वाकत, पाया पडत, आणि ती प्रत्येकाला असा आशीर्वाद देई की खुद्द बिजलीबाईलाही तो जमला नसता. घनश्याम पहिल्या रांगेत बसून मिशीत हसत होते. निशिगंधेच्या उरावरचा दगड अर्धा उतरला.

तेवढ्यात शहनाज उठली.

शहनाज पुसदला शिवणाचे वर्ग घेते. समूहात ती पहिल्या वर्षापासून होती. कधी काही विकत घेतले नव्हते, नुसती वाचत असे. मंचासमोर येऊन ती म्हणाली, "बिजलीबाई, नागपूरच्या अक्षयभाऊची ब्लाऊजच्या कटिंगची साईट मी घेऊन राह्यली. कागदी नमुने विकतात, बाया मागवतात. खोड त्यांनी एकच लिव्हली, की त्यांच्याजवळ टाइम नाही. दोन पाटल्या मोडाले काढल्या मी. पण तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय नाही म्हटलं. घेऊ का?"

तिच्या शेजारी अक्षय उभा होता, इस्त्रीचा सदरा, नम्र मान.  दीडशे जोड डोळे लीलाबाईकडे लागले. लीलाबाईने तोंड उघडले.

निशिगंधेला त्या क्षणी काय दिसले? तिला दिसली ती कुंडीतली बाग, जिथे कावळा फिरकला नव्हता. कोणाच्या तरी खोट्या सावल्यांवर विसंबून तिने ती घेतली होती. आणि आज तिनेच उभी केलेली एक सावली दुसऱ्या बाईच्या पाटल्यांचा निकाल लावणार होती. लीलाबाई "घे" म्हणो की "नको" म्हणो, ते कोणाचे म्हणणे होते? देवळात माणूस आपले गुण नेसून जातो, आणि तो सावळा दारातच विचारतो, "खोड कुठे ठेवून आलास?" निशिगंधा धावतच मंचावर गेली.

"थांबा," ती म्हणाली. "खोड आधी." आणि लीलाबाईच्या पाठीवर हात ठेवला, जसा बाप बैलाच्या पाठीवर ठेवायला लावी. "ह्या बिजलीबाई नाहीत. ह्या आमच्या लीलामावशी. बिजलीबाई कोणीच नाही. दोन वर्षं मीच लिव्हून राह्यली. सात माणसं होती, कोणी बोलत नव्हतं, म्हणून एक खोटं गिऱ्हाईक उभं केलं. ही माही खोड. मले आधी सांगाले पाहिजे होती, अन् मी सांगितली नाही."

 कोल्हापूरच्या माणसाने शेजाऱ्याला विचारले, "म्हणजे ह्या कोण म्हणायच्या?"  पहिल्या रांगेत घनश्यामांनी मान खाली घातली. त्यांच्या तीस वर्षांतल्या एका हसऱ्या लबाडीचे ओझे लेक एकटी उचलत होती.

शहनाज पुढे आली. आवाज हळू होता.

"माझी अम्मी गेली तवा, आठ दिवस मी काही वाचलं नाही. नवव्या दिवशी बिजलीबाईचा मेसेज आला. 'रड बाई, पण शिवणयंत्रावर बसून रड, हात चालू राहू दे.' ते कोणी लिव्हलं?"

"मीच."

"तेही खोटं होतं का?"

"नाही शहनाज. माही आई गेली तवा मी अर्ज भरत बसली होती. ते खरं होतं."

 "मंग तुमचं नाव काहून नाही टाकलं? तुमच्या नावानंही मी रडली असती." डोळे पुसून शहनाज सभेकडे वळली आणि म्हणाली, "नियम सगळ्यांले एकच. बसा खाली. तीन महिने."

मंचाखाली सतरंजी होती. निशिगंधा उतरली आणि तिच्यावर बसली. आपणच घातलेल्या नियमाखाली आपण बसावे, हे किती थोड्यांच्या नशिबी येते! वाहिदने कोपऱ्यातून चहाचा कप भरून आणला आणि तिच्या हाती दिला. वडिलांकडून त्यालाही ती रीत ठाऊक असावी. तिने चहा घेतला. तो चहा गोड होता, तरी एका घोटानंतर तिने कप मांडीवर धरून ठेवला.

सभा आता उठणार, तोच मंचावरून आवाज आला.

"अवं, पण मले पुसलं त्याचं काय?"

लीलाबाई जागची हलली नव्हती. साडीचोळीचे ताट अजून तिच्या समोर होते, आणि हातात निशिगंधेचा मंचावर राहून गेलेला फोन होता. डोळ्यांपासून हातभर लांब धरून ती अक्षयच्या वेबसाइटवरचे काहीतरी वाचत होती.

"मावशी, झालं आता, उतरा," निशिगंधा खालून म्हणाली.

"तू गप बस. तुले तीन महिने बोलता येत नाही." लीलाबाईने अक्षयकडे बोट केले. "इकडं ये रे, चांगल्या घरच्या. ब्लाऊजचे नमुने इकते न तू? इथं खाली बायांनी लिव्हलं आहे. 'छान.' 'उत्तम.' 'फारच सुंदर.' दोनशे बाया लिव्हून राह्यल्या. बरोबर?"

"हो, आजी. सगळे ग्राहक समाधानी आहेत."

"सगळे?"

"सगळे."

"ब्लाऊज," लीलाबाई सभेला उद्देशून म्हणाली, "अन् दोनशे बायांत एक म्हणत नाही की बाही घट्ट झाली! एक म्हणत नाही की गळा उतरला! मी तीस वर्षं बांगड्या भरून राह्यली. गोल बांगडी, गोल हात, तरी भांडल्याशिवाय एक बाई दुकानातून गेली नाही. तुह्या दुकानात कोण्या देवाघरच्या बाया येतात रे?"

आधी बायका हसल्या. त्या अशा हसल्या की पुरुषांना कळायला क्षणभर वेळ लागला. मग सगळे कार्यालयच हसू लागले. शहनाज मात्र हसली नाही. ती स्वतः शिवणाची बाई. तिने फोन हाती घेतला, वर-खाली सरकवला, आणि तिचा चेहरा बदलला. "हे माह्या ध्यानात काहून नाही आलं? माह्याच वर्गात रोज बाहीवरून भांडणं होतात."

अक्षयच्या सदऱ्याची इस्त्री मोडली. "वहिनीनं लिव्हले," तो पुटपुटला. "दोनशेच्या दोनशे. खऱ्या दहा बायांचे मी पुसून टाकले."

"त्या दहा काय म्हणत होत्या?" वाहिदने विचारले.

"बाही घट्ट झाली."

मग काय सांगावे! बाके वाजली.  वाहिदने नुसता दुसरा कप भरला आणि सतरंजीकडे हात दाखवला. अक्षय निमूटपणे निशिगंधेच्या शेजारी जाऊन बसला. एका सतरंजीवर दोन खोडी, दोन कप चहा. घनश्याम पहिल्या रांगेतून उठले, गुडघ्यांवर हात टेकत पुढे आले आणि लेकीच्या दुसऱ्या बाजूला बसले.

"तुम्ही काहून बसले बाबा?"

"तीस वर्षांचं बाकी आहे," ते म्हणाले. "वाहिद, मलेही चहा आण. साखर कमी."

साडीचोळीचा प्रश्न राहिला होता. बिजलीबाई नाही म्हटल्यावर ती द्यावी कोणाला? शहनाजने क्षणभरही विचार केला नाही. तिने ताट उचलले, लीलाबाईपुढे धरले आणि म्हणाली, "माह्या पाटल्या हिनं वाचवल्या. नावाचं मले काय करायचं?" टाळ्यांनी कार्यालय दणाणले. निशिगंधेने टाळी वाजवण्यासाठी कप खाली ठेवला, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आले, चहा संपला होता.

लीलाबाईने साडीचोळी कपाळाला लावली, देवाचे नाव घेतले. आणि मग तिथेच, दीडशे माणसांसमोर, साडीची घडी मोडली. पदर हातावर पसरून उजेडाकडे धरला, काठ बोटांनी चाचपला, एका जागी थांबली आणि वाहिदकडे पाहिले.

"एक धागा ओढलेला आहे," ती म्हणाली. "दुकानदारानं सांगितलं होतं का?"